हारांच्या रांगेतली आजी

डॉक्टर गाव सोडून जातो, तेव्हा तुम्ही टाळ्या कशाच्या वाजवता?

पिंपळगाव रेणुकाईच्या दवाखान्यातले एकमेव डॉक्टर नोकरीसाठी इंग्लंडला निघाले होते. त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं, तरी गावानं मांडव घालून सत्कार ठेवला. माझ्यापुढं हार घालायला आलेल्यांच्या रांगेत एक अनोळखी आजी खोकत उभी होती. तिला ती पेशंटांची रांग वाटली. नंबर आल्यावर तिनं बांगड्या मागं सारून डॉक्टरांपुढं मनगट धरलं.

"आजी, साहेब विलायतेला चालले," सरपंच म्हणाले.

"मंग तिकडं लई आजारी हायेत का, बाबा?" तिनं काळजीनं विचारलं. मनगट तसंच पुढं होतं.

मांडव हसला. डॉक्टरांनी सत्कारातला नारळ तिच्या हातावर ठेवला. ती खोकतच परत गेली.

पुढच्या सत्काराला हार नेऊ नका. घरातलं आजारी माणूस न्या आणि पहिल्या रांगेत बसवा.