दहा वाजता, चाळीस फूट

काकांना मी खरं सांगितलं आणि त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा गळ टाकला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्या बाजूने आशा धरणार नाही.

मी पत्रकांवर वाढले. वडील सांगलीत चार-सहा मित्रांबरोबर बुवाबाजीविरुद्ध काम करायचे, आणि आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकांचे गठ्ठे आले. शाळेतून आलं की हातपाय धुवायचे आणि घड्या घालायला बसायचं. अमक्या बाबाच्या अंगाऱ्याने मधुमेह बरा होत नाही. तमक्या विहिरीचं पाणी आपोआप गोड होत नाही, कुणीतरी साखर टाकतं. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरात एकच ओळ असायची: माहीत असून गप्प बसणारा हा फसवणाऱ्याचा भागीदार. अक्षरं जुळवायला मी याच ओळीवर शिकले.

पुढे मातीवर संशोधन करायला अमेरिकेत, पेनसिल्वेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले. काका मला तिथे भेटले. मूळचे नागपूरचे, निवृत्त भूलतज्ज्ञ. माझे वडील शाळेत होते तेव्हाच हे अमेरिकेत आले होते. तिथल्या मराठी मंडळाच्या एका जेवणात ते कुणाला तरी सांगत होते की आपण मासे धरतो आणि लगेच सोडून देतो, खात नाही. मी पंगतीतूनच तोंड घातलं.

"पोटासाठी मासा मारणारा मला समजतो. पण मौजेसाठी कुणाच्या तोंडात हुक अडकवायचा आणि मग उपकार केल्यासारखं सोडून द्यायचं, ही कसली करुणा?"

बाकीचे आपापल्या ताटात बघायला लागले. काका मात्र खूश. "वा, कॉम्रेड! शनिवारी घरी ये. काकू पोहे करते. आधी पोहे, मग माझा निषेध."

मी दर शनिवारी जायला लागले. निषेध चालू ठेवला आणि पोहेही खाल्ले. त्यांची मुलं दूर टेक्ससात, प्लेनोला. फोनवर "यू आर डुइंग ग्रेट, डॅड," म्हणायची. काका तसे अजिबात ग्रेट नव्हते. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं पुसलं जायचं. "तुझ्या तोंडाच्या जागी धूर आहे, पण कान झकास दिसतात," असं ते मला सांगायचे. गाडी चालवणं बंद झालं होतं. पुढच्या वर्षी आहे तेवढं तरी दिसेल, असं डॉक्टर म्हणत नव्हते.

आणि काकांना आणखी एक बोनफिश हवा होता.

हा मासा फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, बेटांच्या मधल्या उथळ समुद्रात येतो. पाणी गुडघाभर, तळाला पांढरी वाळू. अंग आरशासारखं, त्यामुळे मासा दिसतच नाही. वाळूवरून सरकणारी त्याची सावली दिसते. नुसता गळ सोडून वाट बघत बसायची सोय नाही. आधी तो दिसायला हवा, मग त्याच्या वाटेवर, जरा पुढे, हुकाला पिसं आणि केस बांधून केलेली खोटी कोळंबी अलगद टाकायची. इतक्या वर्षांत काकांना असे चार मिळाले होते. पाचवा मिळाला की गळाची काठी ठेवून देईन, म्हणायचे.

त्या हिवाळ्यात खोट्या कोळंब्या मी बांधल्या, कारण त्यांना आता दोरा दिसत नव्हता. बर्फ वितळल्यावर घरामागच्या हिरवळीवर सराव सुरू झाला. मी कागदी प्लेटा मांडायची. दोराच्या टोकाला हुकाऐवजी लोकरीचा गोंडा. काका उभे असतील तिथून नाकासमोर बारा वाजलेले, उजवा हात तीन, डावा नऊ. मी ओरडायचं, "दहा वाजता, चाळीस फूट!" त्यांनी त्या दिशेला दोर सोडायचा. तो दोर हवेत मागे जाऊन पूर्ण उलगडायचा, क्षणभर थांबायचा आणि मग पुढे यायचा. मौजेला विरोध असणारी मी ते बघत उभी राहायची.

"लागला?"

"नाही. दोन फूट डावीकडे."

"शाब्बास. काकूला विचारलं तर दरवेळी लागलेलाच असतो." एकदा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "म्हणूनच तुला फ्लोरिडाला नेतोय. बाकीचे सगळे मला चुचकारतात यार. तू खोटं बोलत नाहीस."

निघायच्या आदल्या दिवशी दशम्या बांधून देताना काकू मला म्हणाल्या, "जरा सांभाळून घे गं ह्यांना. सगळंच बोलून दाखवायचं नसतं." त्यावर मी त्यांना, त्यांच्याच ओट्यापाशी, सत्यावर भाषण दिलं. त्यांनी डबा बंद केला आणि फक्त "बरं" म्हणाल्या.

मायामीपासून पुढे गाडी मी चालवली. काकांचा ठरलेला वाटाड्या पन्नाशीचा, लहानपणी क्यूबाहून आलेला, कमी बोलणारा. त्याची सपाट बोट वीतभर पाण्यातही तरंगायची. इंजिन बंद करून तो मागच्या उंच फळीवर उभा राहायचा आणि लांब दांड्याने तळाला रेटा देत बोट सरकवायचा. काका पुढच्या टोकाला, हातात काठी. मी मधे, बर्फाच्या पेटीवर. आता बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले, आणि वेळ वाटाड्या सांगणार.

आमच्याकडे तीन दिवस होते. पहिला दिवस वाऱ्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी दोनच मासे आले. वाटाड्याने सांगितलं, काकांनी टाकला, पण मधल्या क्षणात मासा वळला होता आणि ते त्यांना दिसलं नाही. एकदा तर दोर थेट त्याच्या पाठीवर पडला. गढूळ पाण्याचा एक ढग उरला, मासा गेला. संध्याकाळी काका म्हणाले, "माशाला तरी भूल न देता सोडलं." हसलो आम्ही. ते थोडं जास्तच हसले.

तिसऱ्या दिवशी पाणी सकाळीच आंघोळीच्या बादलीसारखं कोमट होतं. जिथे समुद्रगवत असायचं तिथे वाटाड्याने दांड्याने तळ खरवडून दाखवला: काळी, सडलेली मुळं. तास-दीड तास काहीच नाही. मग मागून आवाज आला, "दहा वाजता, चाळीस फूट."

मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. काकांनी टाकला, अगदी सुरेख. "ओढा... हळू... थांबा... येतोय मागे... अरे, वळला."

"बघितलंस? मागे आला होता!" काकांनी मान वळवली.

मला वाटलं, माझीच नजर कच्ची. पण दोन दिवसांत मी सावली ओळखायला शिकले होते. ऊन लख्ख होतं, वाळू पांढरी होती. अकरा वाजता, पन्नास फूट. काही नाही. एक वाजता, पस्तीस. काही नाही. पाचव्या वेळी मी पाण्याकडे न बघता वाटाड्याकडे बघितलं. त्याने माझी नजर टाळली.

काका खुलले होते. शर्टाच्या बाह्या वर सारून म्हणाले, "आज डोळे बरे वाटतायत यार. मला खरंच काहीतरी हललेलं दिसलं."

ते बोलले नसते तर कदाचित मी गप्प राहिले असते. पण अंगारा घेतलेला रोगी आमच्या पत्रकात हेच म्हणायचा. आज बरं वाटतंय.

दुपारी काका दशमी खात असताना मी मागे गेले आणि वाटाड्याला हळूच विचारलं, हे काय चाललंय. मी त्याच्यावर, दिवसभर उन्हात उभं राहून दांडा रेटणाऱ्या माणसावर, फसवणुकीचा आळ घेतला. कष्टकऱ्यांची बाजू घेत मोठी झालेली मी.

तो चिडला नाही. "आज पाण्यात मासा नाही," तो म्हणाला. "असे दिवस आता फार येतात. पण हा माणूस किती छान टाकतो. त्याला टाकू दे."

मी पुढे जाऊन काकांच्या शेजारी बसले.

"काका, सकाळपासून तिथे मासा नव्हता."

"कुठे?"

"कुठेच. एकही नव्हता."

त्यांनी बोटांचं तेल रुमालाला पुसलं, एकेक बोट. "तो मागे आलेला?"

"नव्हता."

"आणि मला हललेलं दिसलं ते?"

खेकडा असेल, म्हणता आलं असतं. मला कुठे सगळंच दिसतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. मी म्हणाले, "तिथे नुसती वाळू होती, काका."

त्यांनी मान हलवली, सहकाऱ्याने आणलेला रिपोर्ट ऐकावा तशी. "बरं झालं सांगितलंस." रागावले नाहीत. रागवायला हवे होते. दोर पूर्ण गुंडाळून त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. वाटाड्याला मराठी येत नव्हतं, पण त्याला सगळं समजलं. तो मुकाट्याने बोट सरकवत राहिला.

भरतीचं पाणी चढायला लागलं. थोड्या वेळाने वाटाड्याचा दांडा थांबला. त्याचा आवाज बदलला होता, जेमतेम ऐकू येत होता. "बारा वाजता. तीस फूट."

मी बघितलं. शेपटी पाण्याबाहेर होती. मासा डोकं वाळूत खुपसून खात होता आणि वर ती शेपटी उन्हात हलत होती, आरशाच्या तुकड्यासारखी. हलकी झुळूक पाठीमागून. यापेक्षा सोपा मासा कुणाला मिळत नाही.

"काका! आहे! उठा!"

"असू दे."

"काका, खरा आहे. मी सांगतेय. मला दिसतोय!"

ते नुसते हसले. आमच्या घरी शपथ घ्यायची बंदी होती. पुरावा असेल तर शपथ कशाला आणि नसेल तर शपथेने काय होणार, असं वडील म्हणायचे. मी जन्मात कधी घेतली नव्हती. "आईशप्पथ, काका. आईची शप्पथ घेऊन सांगते."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, डोळ्याच्या कडेने बघायला म्हणून जरासा तिरपा. आणि अगदी मायेने म्हणाले, "काकूने सांगितलं वाटतं तुला, सांभाळून घे म्हणून."

 काकूंनी सांगितलंच होतं.

मासा खात खात वीस फुटांवर आला. मग पंधरा. वाटाड्या दांडा तळाला रोवून उभा होता. माझ्या घशातून नको तो आवाज निघाला, किंवा बोटीची सावली पडली असेल. शेपटी बुडाली. गढूळ पाण्याचा ढग तेवढा राहिला आणि तोही काही वेळाने बसला. काका पाण्याच्या भलत्याच बाजूला बघत होते.

घरी पोचल्यावर काकूंनी दारातच विचारलं, "मिळाला?" काका म्हणाले, "चहा कर." स्वयंपाकघरात काकूंनी मला विचारलं, "निदान दिसला तरी का?"

"दिसला. मला."

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. शपथेसकट. ते म्हणाले, "शपथ नको होतीस घ्यायला. बाकी बरोबर केलंस." मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही पाऊसपाण्याचं बोलतो.

यंदा बर्फ वितळल्यावर एका शनिवारी मी न विचारता हिरवळीवर प्लेटा मांडल्या. काठी जोडली, गोंडा बांधला आणि काकांच्या हातात दिली. ते पायरीशी उभे राहिले.

"दहा वाजता, चाळीस फूट," मी म्हणाले.

काठी त्यांनी कठड्याला टेकवून ठेवली. हिरवळीवरून पावलं मोजत गेले, वाकले, गवतात हात फिरवत राहिले. प्लेट हाताला लागली. तिची कड त्यांनी बोटाने चाचपून बघितली.

"आहे खरी," म्हणाले. मग ती जागच्या जागी ठेवली आणि चहाला आत गेले.