डोला बघ, मास्तर

बोंबील असो की पापलेट, ती मासा माझ्या नाकापुढे धरून म्हणायची, "डोला बघ, मास्तर, डोला!"

पनवेलच्या मासळी बाजारातली ही माझी नेहमीची मासेवाली मावशी. मासळीचा ताजेपणा डोळ्यात दिसतो; मी मात्र पापलेट आंब्यासारखं दाबून बघायचो. वर्गात पोरांना अक्कल वाटणारा माणूस तिच्या पाटीपुढे रोज ढ ठरायचा.

तिला कॅन्सर झाला. तरी अंगात त्राण असेल त्या दिवशी ती बाजारात हजर. फक्त आता तिचेच डोळे शिळ्या बांगड्यासारखे आत गेलेले.

"झोप नाय, मास्तर. पन सांगू कोनाला? म्हनतील, एवढा मोठा रोग, आन् बाय रडते झोपंसाठी."

सल्ला द्यायला माझं काय जातं? जायफळ नेऊन दिलं. शंभरपासून उलटे आकडे मोजायला सांगितले.

"आकडे कशाला? पापलेटं मोजली. गिऱ्हाइकाशी भांडन पन झालं. उजाडलं."

"मनात विचार आणू नका, मावशी."

"इचार नाय रं करत. रातभर छपराचा पत्रा बघते."

शेजारणी म्हणाल्या, आजारच तसा. सून म्हणाली, काळजीनं होतं. पुढच्या तपासणीला शिकलेला माणूस म्हणून मी सोबत गेलो आणि चिंता, मन, नामस्मरण यांवर भाषण ठोकलं. डॉक्टरीणबाईंनी मला हातानेच थांबवलं.

"मावशी, सुजेची गोळी कधी घेता?"

"जेवल्यावं. पोटभर खाऊन घ्या, सांगलेलं."

मासेवालीचं पोटभर जेवण बाजार उठल्यावर, रात्री. पहाटे धक्क्यावर जाताना नुसता चहा. आणि त्या गोळीनं झोप उडते, ती सकाळीच घ्यायची असते.

"सकाळी भाकरी खा, मग गोळी. आणि दुपारी लोळायचं नाही," बाई म्हणाल्या. इतके महिने एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं.

मावशी झोपू लागली. "सपान पडलं, मास्तर. तू पापलेट दाबत व्हतास."

अशी स्वप्नं तिला फार दिवस मिळाली नाहीत. रोगाने गोळीची वेळ पाळली नाही.

ती गेल्यावर कोळीवाड्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला : 'मावशी चिरनिद्रेत विसावल्या. भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली आम्हा शोकाकुलांची लांबलचक रांग. त्यात मीही, फ्लेक्सवरच प्राध्यापक म्हणून बढती मिळालेला. ती जागी होती तेव्हा यातल्या प्रत्येकाकडे तिच्यासाठी एक सल्ला होता.

वर तिचा फोटो. डोळे टक्क उघडे.

या वेळी मी नीट बघितले.