टाकीमागची तार

निपाणीतल्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचं मी ठरवलं, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कुठे ठेवणार एवढंच विचारलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्री माशांबद्दल वर्गात पुस्तकातून बोलायचा कंटाळा आला होता, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण इतकंच की कारवारला एका सहलीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे पाहिले होते आणि तेव्हापासून ते मला घरात हवे होते. टाकी आली, बेळगावहून मिठाची पोती आली, फिल्टरच्या पाण्यात ते मीठ मोजून कालवलं, आणि दोन महिन्यांनी मासे आले. दोन पट्टेवाले आणि एक निळा.

पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी लाईनचं काम निघालं. सकाळी नऊला गेलेली वीज दुपारी तीनला आली. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो आणि पाणी हलतं राहिलं नाही तर तोही संपतो. ते सहा तास मी आणि आप्पांनी आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतलं. आप्पांनी उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत पोती उचललेली, त्यांचा हात काही थांबला नाही. माझा खांदा मात्र आठवडाभर दुखत होता. मासे वाचले. दुसऱ्या दिवशी मी इन्व्हर्टर शोधायला लागले.

तोवर मला वाटायचं, इन्व्हर्टर म्हणजे इन्व्हर्टर. आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी सांगितलं की स्वस्तातल्या यंत्रातून येणारी वीज खडबडीत असते, तिच्यावर पंप गुरगुरतो, तापतो आणि एक दिवस जळतो. जनरेटरचा विचार मी केला होता, पण त्याचा धूर आणि आवाज गल्लीत कुणी चालवून घेतला नसता. शेवटी मी एका कागदावर टाकीवरच्या प्रत्येक यंत्राचे वॅट लिहिले. पंप, पाणी हलवणारा छोटा पंखा, पाणी उबदार ठेवणारा हीटर, दिवे. सरांनी त्यातल्या हीटरवर आणि दिव्यांवर काट मारली. "अंधारात मासे मरत नाहीत," ते म्हणाले, "आणि एवढं पाणी चार-सहा तासांत गार होत नाही. पाणी हलतं ठेवा, बास."

निपाणीतल्या दोन दुकानदारांनी तो कागद न वाचताच मोठ्यात मोठी बॅटरी दाखवली, म्हणून मी संकेश्वरला गेले. तिथल्या दुकानदाराने कागद नीट वाचला. कानडी वळणाच्या मराठीत गोड बोलला, चहा मागवला, मला खुर्ची पुसून दिली. त्यामुळेच मला त्याचा जास्त संशय आला.

"मॅडम, ह्या लोडला आठ तास डोळे झाकून चालतंय बघा. तेच्या वर चाललं तर नवल न्हाय."

"आणि वीज साफ येते ना? खडबडीत नाही?"

"साफ म्हंजे, कंपनीची वीज लाजंल."

हा प्रश्न मी त्याला तीनदा विचारला. जुन्या बॅटरीवर नवं लेबल चिकटवून विकतात असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून तो चहाचे कप ठेवायला वळल्यावर लेबलचा कोपरा नखानं उचलून पाहिला. तो उचलला गेला नाही. दुकानदाराने ते पाहिलं असावं. त्याच आठवड्यात त्याने घरी येऊन इन्व्हर्टर बसवला. टाकीमागे एक बोर्ड ठोकला, त्यावर टाकीचे दोन प्लग लावले आणि एक सॉकेट रिकामं ठेवलं.

काही महिने सगळं ठीक चाललं. मग पावसाळ्यात, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, एके दिवशी कॉलेजातून चार वाजता घरी आले तर पंप बंद. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलेला, बॅटरी संपलेली. पट्टेवाले दोघे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. निळा मासा खडकांच्या सांदीत आडवा पडला होता. वीज कधी गेली विचारलं तर आप्पा म्हणाले, "बाराच्या सुमाराला." म्हणजे आठ तासांची बॅटरी चार तासही टिकली नव्हती.

मी मेलेल्या निळ्या माशाला जाळीत घेऊन बाहेर काढलं आणि तडक संकेश्वरला फोन लावला. माझ्या बोलण्यात फसवणूक हा शब्द दोनदा आला. दुकानदार दुसऱ्या दिवशी आला. त्याने बॅटरीचं अ‍ॅसिड काचेच्या नळीत ओढून पाहिलं, तारेभोवती चिमट्यासारखं मीटर लावून आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"बॅटरी चांगली हाय मॅडम. लोडबी तुम्ही लिवून दिलेला तेवढाच हाय." मग बोर्डावरच्या रिकाम्या सॉकेटकडे बोट करून म्हणाला, "हितं कायतर दुसरं लावताय काय? मोठं कायतर?"

"आमच्या घरात माणसं दोन. मी कॉलेजात असते."

त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पा खिडकीतून बाहेर पाहत होते. मला वाटलं, हा माणूस आपला माल वाचवायला माझ्या म्हाताऱ्या बापावर आळ घेतोय. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर मी आप्पांना विचारलं, वीज गेल्यावर टीव्ही तर त्या सॉकेटला लावत नाही ना. "न्हाय बा," ते म्हणाले. मग, विचारलं नसताना, "मी झोपलोतो." आप्पा दुपारी कधी झोपत नाहीत. त्या एका वाक्यानंतर मी माझ्याच घरात लक्ष ठेवायला लागले. सॉकेटच्या भोकांवरची धूळ पाहिली, ती पुसलेली होती. मागच्या दारामागे टांगलेली लांब नारिंगी वायर नेहमीसारखी गुंडाळलेली नव्हती, उलट्या बाजूने गुंडाळलेली होती. आप्पांशी मी हे काहीच बोलले नाही. ते जेवायला वाढत असताना मात्र त्यांच्या हातांकडे पाहत बसायचे, जणू हातांवरून काही कळणार होतं.

पुढच्या मंगळवारी दहा ते चार वीज बंद राहणार असल्याचा मेसेज फोनवर आला. मी आप्पांना तो वाचून दाखवला, डबा घेतला, नेहमीच्या वेळी निघाले, आणि अर्धा दिवस रजा टाकून अकरा वाजता परत आले. पुढच्या दाराने न जाता बोळातून मागे गेले. नारिंगी वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर आली होती, पेरूच्या फांदीवरून गेली होती, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारी उतरली होती.

शेजारी मुकादम राहतो. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, मुकादमच म्हणतात. आप्पा ज्या वखारीत हमाली करायचे तिथला तो मुकादम. लहानपणी मी आप्पांची भाकरी घेऊन वखारीच्या फाटकावर जायचे, आणि कामगार सुटताना तो एकेकाला थांबवून खिसे उलटे करायला लावायचा, डबे उघडून वास घ्यायचा, कुणी तंबाखू लपवून नेतंय का म्हणून. आप्पांचा डबा त्याने माझ्यासमोर उघडलाय. आप्पांनी तो मुकाट्याने झाकण लावून परत घेतलाय. पुढे मी नोकरीला लागले, ह्या कॉलनीत प्लॉट घेतला, आणि घर बांधून झाल्यावर शेजारी तो निघाला. त्याच्या मोरीचं पाणी आमच्या पायाखाली मुरत होतं म्हणून मी नगरपालिकेत लेखी तक्रार दिली होती. दोन वर्षं बोलणं बंद होतं.

त्यामुळे ती वायर पाहून माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. हा आता आमची वीज चोरतोय.

त्याचं मागचं दार उघडंच होतं. आतून भस्स, ठक, भस्स, ठक असा आवाज येत होता. खाटेवर मुकादम उशांना टेकून बसलेला, नाकात प्लॅस्टिकची नळी. नळी जमिनीवरच्या एका यंत्राला जोडलेली, आणि यंत्र आमच्या नारिंगी वायरला. हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र होतं ते. शेजारी स्टुलावर आप्पा बसले होते.

"कॉलेज न्हाय व्हय आज?" आप्पांनी विचारलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"तेची सून नोकरीवर जाती. दिवसा कोन नसतं. लाईट गेली की मशीन बंद पडतंय. सिलिंडर हाय, पर तेचा कॉक हेला फिरवता येईना, आनि मला तेतलं कळत न्हाय." आप्पा माझ्याकडे न बघता बोलत होते. "चार महिनं तंबाखूची धूळ खाल्ली तरी छाती भरती. हेनं चाळीस वर्सं खाल्ली. मी बी खाल्ली, पर मी पोती घिऊन उघड्यावर असायचो. ह्यो आत."

"मी नकोच म्हनत हुतो," मुकादम म्हणाला. दोन शब्दांनंतर त्याला थांबावं लागत होतं. "ह्योच तार टाकून गेला."

"मग मला का नाही सांगितलं, आप्पा?"

आप्पांनी पायाजवळच्या वायरीचा पीळ सरळ केला. "मासं आनि मुकादम, ह्यातलं तू काय धरशील, मला अंदाज येईना."

मला राग आला होता, पण अंदाज मलाही नव्हता. निळा मासा मेला त्या दिवशी आप्पांनी मला खरं सांगितलं असतं तर मी ती वायर काढायला लावली असती का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तिथे उभी राहून हिशोब करत होते. वीज यायला पाच तास होते, आणि ते यंत्र माझ्या पंपाच्या पाच-सहा पट वीज खात होतं. बॅटरी फार तर अजून तासभर टिकली असती आणि मग दोन्हीकडे बंद.

मी घरी जाऊन मोठा पंप बंद केला, फक्त छोटा पंखा ठेवला. मग परत जाऊन मुकादमाचं सिलिंडर उघडायचा प्रयत्न केला. चावी गंजली होती, दोन्ही हात लावून ती फिरवली, नळी बदलली, आणि यंत्राला विश्रांती दिली. बॅटरी आणि सिलिंडर असं आलटून पालटून आम्ही चार वाजवले. मुकादम माझ्या हातांकडे बारीक डोळ्यांनी पाहत होता. मध्येच त्याने विचारलं, "तक्रारीचा कागद आनलायस काय सही घ्यायला?"

"नाही."

"मग काय पायजे तुला?"

"काही नको." त्याला ते पटलेलं दिसलं नाही. संध्याकाळी सून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनेही ऐकण्याआधी माझ्या हातात काही कागद आहे का ते पाहिलं.

त्या शनिवारी मी संकेश्वरला गेले आणि दुकानदाराला सांगितलं की चूक माझी होती. त्याने मान हलवली.

"मला त्याच दिवशी वाटलं हुतं. पर म्हाताऱ्या मानसाला तुमच्यासमोर उघडं कसं पाडायचं?" मग त्याने मला वेगळा मार्ग दाखवला. माझ्या टाकीला इन्व्हर्टर लागतच नव्हता. बारा व्होल्टवर चालणारा पाणी हलवणारा पंखा मिळतो, तो थेट एका छोट्या बॅटरीला जोडायचा, वीज गेली की आपोआप चालू होतो आणि दिवसभर चालतो. सोबत बॅटरीवर चालणारा हवेचा एक पंप, दुसरा आधार म्हणून. मोठा इन्व्हर्टर त्या प्राणवायूच्या यंत्रालाच योग्य होता. छोट्या बॅटरीवरचं लेबलसुद्धा मी नखानं तपासलंच. ह्या वेळी तो माझ्या समोर उभा राहून हसत होता.

इन्व्हर्टर मुकादमाच्या घरी हलवायला त्याची संमती मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. त्याला वाटत होतं, पुढे आम्ही मोरीवरून, भिंतीवरून, पेरूवरून काहीतरी लिहून घेणार. शेवटी आप्पांनी त्याला सांगितलं, "मुकादम, यंत्र आमचंच हाय. तुमच्याकडं ठेवलंय नुसतं. पटलं न्हाय तर उद्या उचलून आनतो." ते त्याला पटलं. तक्रार मी मागे घेतली नाही. सुनेने दिवाळीच्या आधी मोरीचा पाईप बदलून घेतला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आप्पा मुकादमाला हाताला धरून आमच्याकडे घेऊन आले. त्याच्या खांद्याला छोटं सिलिंडर होतं. तो टाकीसमोरच्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ माशांकडे पाहत राहिला.

"हे खरं मासं हाईत?"

"खरेच आहेत."

"आनि पानी समुद्राचं?"

"समुद्रासारखं. मीठ घालून केलेलं."

त्याने आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश उठला, टाकीच्या वरच्या फटीतून एक बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं, आणि पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवल्यासारखा परत खुर्चीत बसला. आप्पा चहा ठेवायला आत गेले.