डिकीचं रबर आणि उतरलेली बॅटरी

मंडळी, आज आईला डोळे तपासायला ठाण्याला न्यायचं होतं आणि गाडी सुरूच होईना. आठवड्यात दुसऱ्यांदा बॅटरी उतरली.

बायको म्हणाली, "तू डिकीला रबर लावल्यापासूनच होतंय हे."

"रबरात काय करंट असतो?" मी वैतागलो. वळ गावातल्या गोडाऊनकडची धूळ आत शिरते म्हणून रविवारी मीच जाड रबर चिकटवलं होतं.

शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून कसंबसं ठाणं गाठलं. परत आल्यावर फोनवर व्हिडिओ चालू केला, फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. व्हिडिओत आतला दिवा चालूच! रबरामुळे झाकण किंचित वर राहत होतं, दिव्याचा स्विच दाबलाच जात नव्हता.

डिकीत धूळ मात्र कणभरही नाही. आता रबर काढू की बल्ब? बायको सोडून कोणीही सांगा.