पंधरा मिनिटं कुणी दाबू नका

"हात काढा म्हंतोय की त्या कीबोर्डवरनं! केरबा आण्णा, पाया पडतो तुमच्या. पंधरा मिनिटं कुणी कायबी दाबू नका."

"आरं, न दाबता उघडंल कसं? कालपतोर उघडत हुतं न्हवं?"

"दाबतायसा म्हणूनच उघडंना झालंय!"

फोनवर ओरडणारा विश्वजित हा कोल्हापुरातल्या एका दूध संघाचे कॉम्प्युटर सांभाळणारा गडी. घर मलकापूरच्या अंगाला, दारात म्हशी, आणि त्यांचं दूध जातं ते याच केरबाच्या केंद्रावर. केंद्रात दूध मापलं की आकडा संघाच्या सर्व्हरवर चढतो. आकडा चढल्याशिवाय टँकरवाला कॅनला हात लावत नाही.

संघाची रीत जुनी. सगळे सभासद सारखे, म्हणून सगळ्या केंद्रांना नावही एकच आणि पासवर्डही एकच. तेही साधंसुधं नाव नव्हे, थेट रूट, म्हणजे सर्व्हरच्या मालकाचं. एखाद्या गावाला हलकं नाव दिलं असतं तर त्या गावानं सभेत खुर्च्या फेकल्या असत्या.

आदल्या दिवशी विश्वजितनं पासवर्ड बदलला, केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. शिवाय सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सच्या पासवर्ड तपासणाऱ्या फायलीत दोन ओळी घातल्या. तीनदा चुकला की ते नाव पंधरा मिनिटं बंद, मग रूट का असेना. सकाळी शेणाच्या हातानं ग्रुप कोण वाचतंय? बोटांनी सवयीनं जुनाच पासवर्ड मारला आणि कुलूप पडलं. कुलूप काढायचा हुकूम त्याच नावानं द्यायचा, म्हणजे विश्वजितही बाहेरच. मधेच कुणी चुकीचं दाबलं की पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. सर्व्हर पुण्यात भाड्यानं ठेवलेला, आणि तिथल्या कंपनीचा फोन नुसती गाणी वाजवत होता.

त्यानं पुढच्या गावच्या केंद्राला फोन लावला. "धोंडुबाई, तुमी तरी थांबा."

"म्या कवाच हात काढलाय बाबा. पर नात माझी, मोना, मोबाईलवरनं बघतीया, उघडलंय का त्ये."

विश्वजितनं कपाळावर हात मारला. एक केंद्र गप्प केलं की दुसरं सुरू. ऊन चढत होतं, कॅन तापत होते, आणि त्याच्या हातात फोनाशिवाय काही नव्हतं.

शेवटी माणसं कंटाळून वैरणीला गेली, तेव्हा कुठं सर्व्हर आपसूक उघडला. तोवर केरबाच्या केंद्रावरनं टँकर रिकामाच पुढं गेला होता.

आईचा फोन आला. "दूध फाटलं बघ सगळ्यांचं. आपलंबी. कुणी बंद पाडलंतं रं?"

"म्याच."

"व्हय? मग संध्याकाळच्याला तरी पाडू नगंस." तिनं फोन ठेवला.

पाठोपाठ संघाच्या साहेबांचा आला. "त्या दोन ओळी काढ आधी. आणि पासवर्ड पयल्यासारखा कर. शहाणपणा नको."

विश्वजितनं ओळी काढल्या. सगळ्या तालुक्याला पाठ असलेला पासवर्ड परत लावला आणि संध्याकाळचे टँकर यायच्या आधी संघाच्या आवारातल्या वजनकाट्याची वायर बघायला खाली गेला.