अक्षतांशिवायचं बोलावणं

हरिश्चंद्रतात्या गेली चाळीस वर्षं वाडीची बोलावणी करत आलेत. शाळेत शिपाई होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. लग्न, पूजा, बारसं असलं की अक्षतांची डबी घेऊन ओटीवर चढायचं, टेकायचं, पाणी प्यायचं. मयताचं सांगणं असलं की डबी घरी, चपला पायात, अंगणातच उभं राहायचं, पाण्याला शिवायचं नाही आणि एका वाक्यात सांगून पाठ फिरवायची. तात्या कुठे उभे आहेत यावरून शेंबडं पोरही बातमी ओळखतं.

यंदा आंबेवाल्या भास्कररावांच्या अवनीने त्यांच्या हातात तीस पत्रं ठेवली. मुंबईत शिकून आलेली ही मुलगी वाडीवरच्या कातळसड्यावर, उघड्या माळावर, दोन दिवसांचा खेळ मांडणार होती. खेळ उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या दर्यावर्दींचा. बघे नाहीत, येईल त्याने कोणीतरी व्हायचं, सरदार, लोहार, वैदू, आणि दोन दिवस तसंच वागायचं. कोणी कोण व्हायचं ते पत्रात लिहिलेलं. मोबाइलवर निरोप टाकून झाला होता. पण दाराशी बोलावणं आल्याशिवाय आमची वाडी जेवायला उठत नाही, ती खेळायला कशाला उठतेय?

एकोणतीस पत्रं अक्षता देऊन हसतखेळत वाटून झाली. तिसावं सागरचं. पोरगा शिमग्यातल्या नमन-खेळात छान गातो, म्हणून अवनीने त्याला सगळ्यात मानाचं सोंग दिलं होतं, लढाईत पडणारा वीर. त्याला होडीत निजवायचं आणि सगळ्यांनी भोवती गायचं.

"तात्या, त्यांच्यात असं मरण म्हणजे भाग्य," अवनी म्हणाली होती.

असेल त्यांच्यात. तात्यांनी मात्र ते पत्र सगळ्यांच्या तळाशी सारलं होतं. चोवीस वर्षांच्या मुलाच्या दारात मरणाचं पत्र न्यायचं, आणि वर अक्षता द्यायच्या? तिसाव्यासाठी सकाळी निघताना हात डबीकडे जाईना. ती फळीवरच राहिली.

सागर चार दिवसांपूर्वी मिरकरवाडा बंदरातून मासेमारीच्या बोटीवर गेलेला. तात्यांना ते ठाऊक होतं, पण धास्तीने डोकंच चालत नव्हतं. अंगणात आल्यावर सवयीने पाय तिथेच थांबले.

सागरची आई विमला ओटीवर तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, तात्यांचे रिकामे हात पाहिले आणि सूप खाली ठेवलं.

"तात्या, पाणी देऊ?"

"नको," तात्या बोलून गेले.

विमला बसल्या जागी कोसळली. "माझा सागर! बोट बुडली काय वो?"

"अगो नाही! खेळ आहे, खेळ!" तात्या चपलांसकट ओटीवर धावले. त्यांनी पत्र उघडून दाखवलं. त्यात सागरच्या नावापुढे मरणच लिहिलेलं. तिने ते वाचलं आणि आणखीच हंबरडा फोडला.

"खोटा बोलताव तुमी. माझा मन राखायला बोलताव."

सागरचा फोन लागेना. विमलाने तात्यांचा हात घट्ट धरला. "बोट लागेपर्यंत हितनं हलायचा नाय."

तात्या बसून राहिले. तास गेला, दोन गेले. हळूहळू त्यांनाच शंका यायला लागली. चाळीस वर्षांत त्यांचं अंगणातलं सांगणं एकदाही खोटं ठरलं नव्हतं. आज ठरू दे रे बाबा, म्हणून ते हेदवीच्या गणपतीला विनवू लागले.

चारच्या सुमाराला विमलाचा फोन वाजला. विमलाला तो उचलवेना. तात्यांनी कानाला लावला.

"आये, सुरमई मिळालीय. घरी आनू का दोन?"

विमलाने फोन हिसकावला आणि त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलं. मग पदराने तोंड पुसून तिने ते पत्र उचललं आणि सागरचं नाव नखाने खरवडून काढलं.

"आता हितं कोनाचा नाव घालाल?"

तात्यांनी खिशातलं पेन काढलं. "माझं घालतो. माझ्यामागे रडायला कोण आहे?"

ते लिहायला वाकले, तोच विमलाने पेन काढून घेतलं.

"तुमचा पन नको," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.