नराच्या पोटातली अंडी

"बाजारात जे बोललीस ते परत कुठे बोलायचं नाही," मुलगा आईला तिसऱ्यांदा म्हणाला. पायातले बूटही त्याने अजून काढले नव्हते.

"का? खोटं बोलले?"

खऱ्याखोट्याचा प्रश्नच नव्हता, त्याने सांगितलं. नदीच्या वरच्या अंगाला औषधांचा कारखाना होता. तिथे गोळ्या पाकिटात भरायच्या कामावर तो नुकताच कायम झाला होता आणि आज साहेबाने त्याला बोलावून, तुझी आई काय बरळत सुटलीय, असं विचारलं होतं.

बाजारात तिला सगळे पारखीण म्हणत. मासा हातात घेऊन पोटावरून अंगठा फिरवायचा, नर की मादी ते सांगायचं आणि मगच सुरी लावायची, अशी तिची रीत. पोटातली अंडी, म्हणजे गाभोळी, हवी असलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे येई, नको असलेलंही येई. तोंड फटकळ, पण शब्दाला पक्की.

त्या सकाळी शिंपीणबाईंना तिने छातीठोकपणे नर दिला, कारण त्यांच्या घरात गाभोळी कुणाला चालत नसे. चिरला, तर नराच्या पांढऱ्या पिशवीतच अंड्यांचे पिवळे दाणे. "पारखीण म्हातारी झाली," शिंपीणबाई हसल्या. तिने दुसरा चिरला, मग टोपलीतले सगळेच. बहुतेकांचं तेच. अंगठा चुकला नव्हता, मासाच धड नर राहिला नव्हता. मग तिने कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडणाऱ्या नाल्याचं नाव घेऊन साऱ्या बाजाराला ऐकवलं आणि टोपली उकिरड्यावर रिकामी केली.

नवरा कोपऱ्यात जाळं सांधत बसला होता. मासे धरणारा तोच. त्याने मुलाचीच री ओढली. एवढं चांगलं चाललंय, कशाला विस्तवात हात घालायचा? हल्ली मासा जाळं पाहून पळत नाही, नुसता उभा राहतो, म्हणून तो वर्षभर खुशीत होता. नशीब उघडलं म्हणून त्याने आपली जागा सोडून थेट नाल्याच्या तोंडाशीच जाळं टाकायला सुरुवात केली होती.

"न पळणारा मासा तुम्हाला वश झालाय होय?" ती म्हणाली. "त्याची शुद्ध हरपलीय. आणि पिल्लं? जाळ्यात पिल्लू शेवटचं कधी दिसलं?"

त्याने सुई थांबवली. आठवून पाहिलं. आठवेना.

चुलीपाशी सून उभी होती, सहावा महिना लागलेली. "आई," ती हळूच म्हणाली, "मला ताकद यावी म्हणून तुम्ही रोज तोच मासा वाढलात."

सासूने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पोटाकडे, आणि तिथून नजर लवकर काढता आली नाही.

"माझी नोकरी गेली तर?" मुलाने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"तर बापाबरोबर मासे धर म्हटलं असतं. पण धरायला उरणार काय?"

तिने हात पदराला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता सांगितलं.

"सूनबाई उद्या डॉक्टरकडे जाईल आणि काय काय खाल्लं ते सगळं सांगेल. या घरात नदीचा मासा शिजणार नाही. मी बाजारात बसणार नाही, कारखान्याच्या फाटकासमोर बसेन. विकणार काही नाही. शिफ्ट सुटताना एकेक मासा चिरून दाखवीन. तू बाहेर पडशील तेव्हा आई म्हणून हाक मार, नाही तर मान वळवून जा, मी राग धरणार नाही. आणि तुम्ही पहाटे जाळं नाल्याच्या तोंडाशीच टाका. मला तिथलेच मासे लागतील."